त्सुनामी लाटेचा वेग आलेखावरून कसा काढतात?

२६ डिसेंबर २००४ रोजी भारतीय प्रमाणवेळेनुसार सकाळी साडेसहाच्या सुमारास इंडोनेशियातील सुमात्रा बेटाच्या पश्चिम किनाऱ्यालगत समुद्रतळाखाली प्रचंड भूकंप झाला. त्यातून निर्माण झालेल्या त्सुनामी लाटा सुमारे अडीच तासांनी चेन्नईच्या किनाऱ्यावर येऊन धडकल्या. हिंदी महासागराभोवतालच्या देशांत दोन लाखांहून अधिक लोक मृत्युमुखी पडले. अडीच तासांत अनेकांना किनाऱ्यापासून दूर नेता आले असते. परंतु त्या वेळी हिंदी महासागरासाठी त्सुनामीची पूर्वसूचना देणारी यंत्रणाच अस्तित्वात नव्हती. लाट केव्हा पोहोचणार, हे तिच्या वेगावर अवलंबून असते आणि हा वेग समजून घेण्यासाठी लागणारे मूलभूत गणित शालेय पाठ्यपुस्तकातलेच आहे.

लाटेचे आलेख दोन प्रकारचे असतात व दोन्ही दिसायला सारखेच असतात. दोहोंमध्ये उभ्या अक्षावर पाण्याची पातळी मूळ पातळीपेक्षा किती वर किंवा खाली गेली, हे दाखवलेले असते. फरक असतो तो आडव्या अक्षात. म्हणून आलेख हाती येताच प्रथम आडव्या अक्षावर काय लिहिले आहे, हे पाहणे आवश्यक आहे.

आडव्या अक्षावर अंतर असेल, तर तो आलेख म्हणजे एका क्षणी टिपलेले लाटेचे छायाचित्रच होय. २००४ च्या त्सुनामीच्या वेळी भूकंपानंतर सुमारे दोन तासांनी जेसन-१ हा उपग्रह हिंदी महासागरावरून गेला आणि खोल समुद्रात लाटेची उंची सुमारे ६० सेंटिमीटर असल्याचे त्याने नोंदवले. त्याच्या मार्गावरील निरनिराळ्या ठिकाणच्या पातळीची ही नोंद या पहिल्या प्रकारात मोडते. अशा आलेखात लगतच्या दोन उंचवट्यांमधील अंतर म्हणजे तरंगलांबी.

आडव्या अक्षावर वेळ असेल, तर तो आलेख एकाच ठिकाणी पाणी कसे वर-खाली झाले, याची नोंद असतो. बंदरातील भरतीमापक अथवा समुद्रतळावरील दाबमापक असा आलेख देतो. त्यात लगतच्या दोन उंचवट्यांमधील अवधी म्हणजे दोलनकाल. एका दोलनकालात लाट एक तरंगलांबी इतके अंतर पुढे सरकते. यावरून सूत्र मिळते : वेग = तरंगलांबी ÷ दोलनकाल.

गणिताच्या सोयीसाठी असे समजू, की खोल समुद्रातील एकाच लाटेचे दोन आलेख आपल्यासमोर आहेत. पहिल्यात पहिल्या उंचवट्यापासून तिसऱ्या उंचवट्यापर्यंत ४८० किलोमीटर अंतर आहे. येथे उंचवटे तीन असले तरी त्यांच्यामधील लाटा दोनच आहेत. म्हणून तरंगलांबी २४० किलोमीटर. ४८० ला तीनने भागणे ही नेहमी होणारी चूक होय. उंचवट्यापासून लगतच्या खळग्यापर्यंतचे अंतर घेतल्यास मात्र ती केवळ अर्धी तरंगलांबी असते, हेही ध्यानात ठेवावे. दुसऱ्या आलेखात दोन लगतच्या उंचवट्यांमध्ये २० मिनिटांचा अवधी आहे.

आता २४० भागिले २० म्हणजे १२. परंतु बारा काय? अंतर किलोमीटरमध्ये व वेळ मिनिटांत असल्याने हा वेग १२ किलोमीटर प्रतिमिनिट, म्हणजेच ताशी ७२० किलोमीटर आहे. मीटर व सेकंद ही एकके घेतल्यास २,४०,००० मीटर भागिले १,२०० सेकंद, म्हणजे २०० मीटर प्रतिसेकंद. ही तिन्ही उत्तरे एकच आहेत. मात्र एखाद्याने एककाकडे दुर्लक्ष करून उत्तर १२ मीटर प्रतिसेकंद असे लिहिले, तर तोच वेग ताशी अवघा ४३ किलोमीटर होतो. १,४४० किलोमीटरवरील किनाऱ्यावर ही लाट प्रत्यक्षात दोन तासांत पोहोचेल. चुकीच्या उत्तरानुसार मात्र तिला ३३ तास लागतील.

या उत्तराचा पडताळाही घेता येतो. त्सुनामीची तरंगलांबी समुद्राच्या खोलीच्या मानाने फार मोठी असल्यामुळे तिचा वेग खोलीवर ठरतो. गुरुत्व त्वरण आणि खोली यांच्या गुणाकाराचे वर्गमूळ म्हणजे तो वेग. खोली ४,००० मीटर असल्यास ९.८ गुणिले ४,००० याचे वर्गमूळ सुमारे १९८ येते, म्हणजेच वेग जवळपास २०० मीटर प्रतिसेकंद. किनाऱ्याजवळ खोली १० मीटर उरते तेव्हा हाच वेग सुमारे १० मीटर प्रतिसेकंद, म्हणजे ताशी ३६ किलोमीटर होतो. दोलनकाल मात्र २० मिनिटेच राहतो. त्यामुळे तरंगलांबी २४० किलोमीटरवरून १२ किलोमीटरपर्यंत आक्रसते आणि लाटेची उंची वाढू लागते. खोल समुद्रात जहाजावरील लोकांना न जाणवणारी लाट किनाऱ्यावर विध्वंसक ठरते ती यामुळेच.

हैदराबाद येथील भारतीय राष्ट्रीय महासागर माहिती सेवा केंद्रात २००७ मध्ये त्सुनामी पूर्वसूचना केंद्र सुरू झाले. समुद्रतळावरील दाबमापक आणि किनाऱ्यावरील भरतीमापक यांच्या नोंदी तेथे तपासल्या जातात. आज तेथे संगणक क्षणार्धात आकडेमोड करतात. तरीही अक्षावर काय मोजले आहे आणि कोणत्या एककात, हे दोन प्रश्न आलेख वाचणाऱ्या प्रत्येकाने, मग तो शास्त्रज्ञ असो वा विद्यार्थी, आधी विचारायलाच हवेत.