एकच आकडी, वेगळा आजार
तापात लहान मुलांना आकडी येते. बहुतेकांची ती वाढत्या वयाबरोबर थांबते. पण काही निरोगी बाळांना पहिल्याच वर्षी सुरू झालेली आकडी औषधांना दाद देत नाही. असे का?

फ्रान्समधील मार्सेय येथे मुलांच्या अपस्माराचा अभ्यास करणाऱ्या डॉ. शार्लोट द्राव्हे यांनी १९७८ साली अशा मुलांचे वर्णन केले आणि हा स्वतंत्र आजार असल्याचे दाखवले. २००१ मध्ये त्याचे मूळ एका जनुकातील बिघाडात सापडले. या जनुकाबरहुकूम चेतापेशींवर सोडियमची दारे बनतात. ती अपुरी पडली, की मेंदूला आवर घालणाऱ्या पेशीच दुबळ्या होतात. त्यामुळे, ही दारे अडवणारे कार्बामाझेपिन इतर काही अपस्मारांत गुणकारी असले, तरी येथे आकडी वाढवू शकते. म्हणूनच औषधाआधी आजार ओळखायला हवा.