पीक मोडण्याचा निर्णय कोणाचा?

मृगात चार सरी पडतात, चाड्यावर मूठ धरली जाते, आणि मग आर्द्रा कोरडी निघून जाते. गेवराईच्या गोदाकाठापासून आष्टी-पाटोद्याच्या बालाघाटी माळरानापर्यंत बीड जिल्ह्यातील शेतकऱ्यांस हा अनुभव नवा नाही. जुलैच्या पहिल्या आठवड्यात सोयाबीनची तुटक उगवण पाहत बांधावर उभ्या असलेल्या माणसापुढे तेव्हा एकच प्रश्न असतो : आहे ते पीक राखावयाचे की मोडावयाचे? 'दुबार पेरणी' हा शब्द वर्तमानपत्रांत आपत्तीची बातमी म्हणून येतो. वस्तुतः आपत्ती आधीच येऊन गेलेली असते. दुबार पेरणी हा तिच्यानंतर घेतलेला निर्णय होय, आणि चालू काम अर्ध्यावर थांबविण्याच्या या निर्णयाचेही एक शास्त्र आहे.

गंमत अशी की, हाच प्रश्न याच गावांतून शिकून पुण्यास गेलेल्या मुलामुलींना हिंजवडीच्या कचेऱ्यांत निराळ्या शब्दांत भेटतो. संगणकप्रणाली तयार करण्याच्या 'स्क्रम' नामक पद्धतीत मोठे काम एकदम हाती न घेता त्याचे छोटे हप्ते पाडतात. केन श्वेबर व जेफ सदरलंड या दोघा अमेरिकन तज्ज्ञांनी 1995 साली ही पद्धत जाहीरपणे मांडली. प्रत्येक हप्त्यास 'स्प्रिंट' म्हणतात; त्याची मुदत जास्तीत जास्त एक महिना, आणि आरंभीच त्याचे एक साध्य ठरलेले असते. स्प्रिंट मुदतीपूर्वी मोडता येते काय? येते, परंतु तिचे साध्यच निरर्थक झाले तर, आणि तो अधिकार एकाच व्यक्तीस असतो. तिला 'प्रॉडक्ट ओनर' म्हणतात, म्हणजे त्या उत्पादनाचा धनी. इतरांनी सल्ला द्यावा. मोडण्याचा शब्द त्याचाच.

या नियमातील बारकावा ध्यानात घेण्याजोगा आहे. काम रेंगाळले, अंदाज चुकला, माणसे दमली, ही स्प्रिंट मोडण्याची कारणे नव्हेत. काम कमी करून घ्यावे, पण मुदत पुरी करावी. बाजार पालटला, कंपनीने दिशा बदलली, किंवा ज्यासाठी खटाटोप चालला होता त्याची गरजच उरली नाही, तरच मोडावे. मोडल्यावरही सगळे फेकून द्यावयाचे नसते. जे पुरे झाले ते तपासून पदरात घ्यावयाचे, आणि जे अपुरे राहिले त्याचा हिशेब नव्याने मांडावयाचा.

राज्यकर्ते मात्र हा भेद नेहमी पाळतातच असे नाही. पाचवी पंचवार्षिक योजना 1974 ते 1979 अशी आखलेली होती. 1977 साली केंद्रात सत्तांतर झाले आणि 1978 मध्ये ती एक वर्ष आधीच गुंडाळण्यात आली. तिच्या जागी जनता सरकारची 'सरकती योजना' आली. 1980 च्या सत्तांतरानंतर तीही मोडली गेली आणि सहावी योजना 1980 ते 1985 अशी नव्याने मांडण्यात आली. गरिबीचे निर्मूलन व स्वावलंबन ही पाचव्या योजनेची साध्ये 1978 साली निरर्थक झाली होती असे कोण म्हणेल? बदलला होता तो धनी.

बीडचा शेतकरी या बाबतीत अधिक शिस्तीचा आहे. उगवण विरळ झाली एवढ्याने तो नांगर फिरवीत नाही. नांग्या भरतो, कोळपणी करून ओल धरून ठेवतो. मोडतो तेव्हा बहुधा पीक येण्याचा संभवच सरलेला असतो. सोयाबीनमध्ये तुरीचे तास असतील तर सोयाबीन गेले तरी तुरी राखतो. पुरे झाले ते पदरात घेण्याचा नियम त्याला कोणी पुस्तकातून शिकविलेला नाही. 75 ते 100 मिलिमीटर पाऊस झाल्याखेरीज पेरू नये, जुलैचा पहिला आठवडा उलटल्यावर मूग-उडदाच्या वाटेस जाऊ नये, हा कृषितज्ज्ञांचा सल्लाही त्याच्या कानी असतो. हैदराबादच्या कोरडवाहू शेती संशोधन संस्थेने पाऊस लांबल्यास काय पेरावे याचे जिल्हावार आपत्कालीन आराखडेही केलेले आहेत. तेव्हा ज्ञान नाही अशी स्थिती नाही. अडचण आहे ती पैशाची.

अर्थशास्त्राचे पाठ्यपुस्तक सांगते की, बुडालेला खर्च विसरून पुढचा निर्णय घ्यावा. बियाण्याची पिशवी मातीत गेली, ती आता हिशेबात धरू नये. तर्क निर्दोष आहे. पण पिशवी उधारीवर आणलेली असेल तर खर्च बुडतो आणि कर्ज मात्र तरंगत राहते. पीककर्ज हंगामास एकदाच मिळते. दुसऱ्या पिशवीसाठी शेतकऱ्यास कृषी सेवा केंद्राच्या उधारीकडे किंवा सावकाराकडे वळावे लागते. हिंजवडीत स्प्रिंट मोडली तर फार तर काही आठवड्यांची मेहनत वाया जाते; महिनाअखेरचा पगार होतोच. खरीप वर्षातून एकदाच येतो.

हा भार वाटून घेण्यासाठीच विमा असतो. 2016 साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री पीकविमा योजनेत ही जाण होती. अधिसूचित क्षेत्रात 75 टक्क्यांहून अधिक पेरा होऊच शकला नाही तर विमा रकमेच्या 25 टक्के भरपाई देऊन तेथेच विमा संपवावयाचा, अशी तरतूद तीत होती. हंगामाच्या मध्यास उत्पन्न निम्म्याहून खाली जाईल असे दिसल्यास संभाव्य भरपाईपैकी 25 टक्के आगाऊ द्यावयाचे, असेही कलम होते. देशात 1901 नंतरचा सर्वांत कोरडा ठरलेला 2023 चा ऑगस्ट आला, तेव्हा मराठवाड्यात या दुसऱ्या कलमाचा आधार घ्यावा लागला. खुद्द बीडमध्ये विमा उतरविण्यास कंपन्या पुढे येईनात, म्हणून 2020 साली नफा-तोट्यास मर्यादा घालणारा 'बीड पॅटर्न' निघाला आणि पुढे तो राज्यभर गेला.

2025 च्या खरिपापासून राज्याने ही मधल्या टप्प्याची कलमे काढून टाकली आणि भरपाई केवळ पीक कापणी प्रयोगांतून निघणाऱ्या अखेरच्या उत्पन्नावर ठेवली. गैरप्रकार झाले, बोगस अर्ज आले, ही सरकारची तक्रार खोटी नव्हती. पण चोरीच्या भयाने दारच भिंत घालून बुजविण्याचा हा प्रकार झाला. अर्ध्यावर थांबण्याची किंमत त्यामुळे सर्वस्वी शेतकऱ्याच्या अंगावर आली, आणि त्याच वर्षी सप्टेंबरात मराठवाड्यात अतिवृष्टी झाली. सिंदफणेकाठची शेते पाण्याखाली गेली.

विम्याचे मधले कलम गेल्यावर उरते ती सरकारी मदत, आणि तिला पंचनामा लागतो. सोयाबीन जागच्या जागी कुजले आहे हे धन्यास दिसत असते. परंतु ते उपटले तर नुकसानीचा पुरावाच नाहीसा होतो. म्हणून महसूल व कृषी खात्याचे कर्मचारी येईपर्यंत तो मेलेले पीक राखीत बसतो. पीक मोडण्याचा अधिकार कागदोपत्री त्याचा, व्यवहारात पंचनामा करणाराचा. एवढ्यात ज्वारीची वेळ होते. सप्टेंबरच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंतचा तो एक महिना; ओल उडाली की रब्बीही हातची जाते.

यावर उपाय फार खर्चाचा नाही. 2021 पासून शेतकरी आपल्या पिकाची नोंद छायाचित्रासह स्वतःच्या मोबाइलवरून ई-पीक पाहणीत करीत आला आहे. पेऱ्याच्या त्या नोंदीशेजारी 'पीक मोडले' असा एक रकाना, छायाचित्र आणि तारीख यांना पंचनाम्याइतकेच वजन द्यावे, आणि गैरवापराच्या संशयासाठी खात्याने शंभरातील काही शेते अवचित जाऊन तपासावीत. पेरले हे शेतकऱ्याच्या शब्दावर मान्य होते, तर मोडले हे मान्य करण्यास अडसर कसला?