गाडीच्या काचेवर चिकटलेले किडे : घासण्याआधी भिजवा

पावसाळा सुरू झाला की रात्रीचा प्रवास करणाऱ्या व्यापाऱ्याच्या गाडीचे तोंड सकाळी बघवत नाही. संध्याकाळी मालेगाव सोडून चांदवड, पिंपळगाव, नाशिक, इगतपुरी करीत भिवंडी गाठणाऱ्यांना हे सांगायला नको. पहिल्या पावसानंतर निघणारी पंखवाली वाळवी, भाताच्या खाचरांवरचे तुडतुडे, पतंग, भुंगेरे असे सारे हेडलाइटच्या उजेडात येतात आणि काचेवर, बंपरवर, बॉनेटच्या पुढच्या कडेवर चिरडून बसतात. बहुतेक लोक याला फक्त घाण समजतात. प्रश्न मात्र जिवाचाही आहे आणि पैशाचाही.

आधी जिवाचे पाहू. काचेवर किडा फुटला की ड्रायव्हरचा हात आपोआप वायपरकडे जातो. काच कोरडी असेल तर किड्याच्या अंगातला चिकट रस वायपर साऱ्या काचेवर सारवून टाकतो. समोरून ट्रकचा अप्पर लाइट आला की हा पातळ थर उजेड पसरवतो आणि काच पांढरी दिसू लागते. ताशी ६० किलोमीटरच्या वेगाने गाडी दर सेकंदाला सुमारे १७ मीटर पुढे जाते. कसारा घाटाच्या वळणावर दोन सेकंद न दिसणे म्हणजे काय, याचा हिशेब ज्याने त्याने करावा. म्हणून वायपरच्या आधी पाण्याचा फवारा, आणि एका फवाऱ्याने भागले नाही तर सुरक्षित जागा पाहून गाडी बाजूला घेऊन काच पुसणे, हाच खरा उपाय.

आता पैशाचे. गाडीच्या रंगावर एक पारदर्शक थर असतो. पेंटर लोक त्याला क्लिअर कोट म्हणतात. हा थर कागदापेक्षाही पातळ असतो. किड्याच्या अंगातले प्रथिन आणि आम्ल उन्हात वाळले की या थराला चिकटते आणि दिवस जातील तसे त्याला खाऊ लागते. मग किडा निघाला तरी जागेवर फिकट डाग राहतो, आणि तो पॉलिशवाल्याकडे गेल्याशिवाय जात नाही. गाडी विकताना गिऱ्हाईक आधी बॉनेटवरूनच हात फिरवते, हे लक्षात असू द्यावे.

आपल्या कापडाच्या धंद्यात याला चांगला दाखला आहे. मागावर चढण्याआधी ताण्याच्या सुताला सायझिंगमध्ये खळ लावतात. ग्रे कापड प्रोसेसला गेले की ती खळ काढावी लागते. तिथे कोणी कापड घासत बसत नाही. खळ विरघळवणाऱ्या एन्झाइमच्या पाण्यात कापड मुरवत ठेवतात आणि मग धुतात. काम वेळ करते, हात नव्हे. वाळलेल्या किड्याचेही तसेच आहे. त्याचे कवच आणि रस वाळून खळीसारखा कडक होतो. त्याला पाणी पिऊ द्या, म्हणजे तो स्वतःच सुटतो.

तेव्हा रीत अशी. गाडी सावलीत लावा आणि बॉनेट हाताला गार लागेपर्यंत थांबा. गरम पत्र्यावर शॅम्पूचे पाणी वाळून त्याचेच डाग पडतात. बादलीत साध्या किंवा कोमट पाण्यात गाडीचा शॅम्पू कालवा. एक जुना टॉवेल त्यात बुडवून, न पिळता, किडे असलेल्या जागी पसरून ठेवा. दहा मिनिटे पुरतात, दोन दिवसांचे किडे असतील तर टॉवेल पुन्हा ओला करून आणखी दहा मिनिटे. मग मऊ फडक्याने हलके पुसा आणि फडके वारंवार खळबळून घ्या. जे निघत नाही त्यावर जोर न लावता परत भिजवा. उकळते पाणी काचेवर ओतू नये, काच तडकू शकते.

फडक्याबद्दल दोन शब्द सांगणे माझ्या धंद्याचा भाग आहे. बाजारात मायक्रोफायबर म्हणून जे मिळते ते बहुधा पॉलिएस्टर आणि नायलॉनच्या मिश्रणाचे असते, आणि त्याचा तंतू एक डेनियरहूनही बारीक असतो. या बारीक तंतूंमध्ये मळ अडकतो, रंगावर घसटत नाही. घेताना लूप भरगच्च आहेत की नाही ते पाहा, आणि कडेला शिवलेले लेबल कापून टाका, ते ओरखडे पाडते. धुताना सुती कपड्यांबरोबर धुऊ नका, सुताचे रोवे त्यात अडकून बसतात. कपडे मऊ करणारे औषधही त्याला वर्ज्य, त्याने फडके पाणी शोषेनासे होते. गॅरेजमधला कॉटन वेस्ट रंगावर मुळीच नको, त्यात लोखंडाचा कीस असतो. भांड्याची हिरवी घासणी तर दूरच ठेवा. माझ्या ओळखीच्या एका दुकानदाराच्या नोकराने तिने बंपर घासला. किडे गेले, पण बंपर आजही उन्हात जाळीसारखा दिसतो.

कपडे धुण्याची पावडर आणि वडी क्षारयुक्त असते, ती रंगावरचे मेण काढून टाकते. रॉकेल, पेट्रोल, थिनर यांनी रंग आणि प्लास्टिक दोन्ही खराब होते. आजकालच्या गाड्यांचे हेडलाइट काचेचे नसून बहुधा पॉलिकार्बोनेटचे असतात, त्यांना तर थिनर अजिबात चालत नाही. अगदी चिवट डाग काचेवर असेल तर ती भरपूर ओली करून नवे पाते अगदी आडवे धरून खरवडता येते, पण फक्त काचेवर. रंग, बंपर किंवा हेडलाइट यांना पाते लावायचे नाही. प्रवासाच्या आदल्या दिवशी बंपर आणि बॉनेटवर मेणाचे पॉलिश केले असेल तर किडे पुढे निम्म्या मेहनतीत निघतात.

काच धुतली की वायपरची रबरी पट्टीही ओल्या फडक्याने पुसावी, नाही तर तीच घाण परत काचेवर फिरते. फवाऱ्याच्या टाकीत बोअरचे खारे पाणी भरू नये, क्षार साचून बारीक छिद्रे बुजतात. आणि पुढची जाळी विसरू नका. तिच्यामागे एसीचा कंडेन्सर आणि रेडिएटर असतो. तिथे किडे साचले की वारा अडतो, एसी गार करीत नाही आणि घाटात इंजिन तापते. तिथे साध्या नळीचे हलके पाणी मारावे. सर्व्हिसवाल्याच्या जोरदार फवाऱ्याने कंडेन्सरच्या पातळ पत्र्या वाकतात. जमेल तर इंजिनच्या बाजूने बाहेर पाणी मारायला सांगावे, म्हणजे किडे ज्या वाटेने आले त्याच वाटेने बाहेर पडतात.