पुवाच्या सोरायसिसवर प्रतिपिंडाची मात्रा

सर्वांगावर पुवाच्या पुळ्या उठवणारा सोरायसिस दुर्मिळ आहे, पण जिवावर बेतणारा आहे. लालबुंद, झोंबणाऱ्या कातडीवर काही तासांतच टाचणीच्या टोकाएवढ्या पिवळसर पुळ्या उठतात, एकमेकींत मिसळतात, वाळतात आणि पापुद्रे निघू लागतात. सोबत सडकून ताप, हुडहुडी, गळाठा. चित्र जंतुसंसर्गाचे वाटते, मात्र ताज्या पुळीतल्या पुवात जंतू नसतात. त्यात नुसत्या पांढऱ्या पेशी असतात. त्यामुळे केवळ अँटिबायोटिक देऊन हा उठाव शमत नाही.

लिओ फॉन झुंबुश यांनी १९१० मध्ये या आजाराचे वर्णन केले, पण त्याचे मूळ कळायला शतक जावे लागले. २०११ मध्ये ट्युनिशियातील काही कुटुंबांच्या अभ्यासात एक सदोष जनुक सापडले. इंटरल्युकिन-३६ हे प्रथिन दाहाचा संदेश देते आणि त्याला आवर घालणारे प्रथिन या जनुकावरून बनते. तेच निकामी झाले की दाह बेलगाम होतो. सगळ्या रुग्णांत हा दोष आढळत नाही, तरी दाहाची वाट बहुधा हीच असते.

स्पेसोलिमॅब हे प्रतिपिंड पेशीवरच्या त्या संदेशाच्या ग्राहकालाच जाऊन चिकटते व वाट अडवते. चाचणीत ते मिळालेल्या ३५ पैकी १९ रुग्णांच्या पुळ्या आठवड्यात दिसेनाशा झाल्या. औषधाविना सलाईन मिळालेल्या १८ जणांत असा एकच होता. सप्टेंबर २०२२ मध्ये अमेरिकेने त्याला मान्यता दिली. ९०० मिलिग्रॅमची मात्रा शिरेतून दीड तासात देतात. उठाव टिकून राहिला तर आठवड्याने दुसरी. आधी क्षयरोगाची तपासणी करावी लागते, आणि आपल्याकडे तर ती टाळून चालणारच नाही.

जळगाव-धुळ्यात या औषधापुढे ऊनही उभे असते. कुपी २ ते ८ अंशांत ठेवावी लागते, आणि मे महिन्यात जळगाव-भुसावळचा पारा ४४-४५ अंशांवर जातो. सोललेल्या कातडीतून पाणी झिरपत असलेल्या रुग्णालाही तीच झळ भोवते. म्हणून धुळ्याच्या भाऊसाहेब हिरे किंवा जळगावच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयासारख्या ठिकाणी, जिथे रक्तातले कॅल्शियम, प्रथिने आणि मूत्रपिंडाचे काम तपासता येते, तिथे रुग्ण लवकर पोहोचणे औषधाइतकेच मोलाचे ठरते.

प्रतिपिंड महागडे आहे. ते हाती नसेल तेव्हा सायक्लोस्पोरिन, ॲसिट्रेटिन किंवा इन्फ्लिक्सिमॅबचा आधार घेतला जातो. ॲसिट्रेटिन गर्भाला घातक असते आणि ते थांबवल्यावरही तीन वर्षे गर्भधारणा टाळावी लागते. गरोदरपणातही हा उठाव येतो, तेव्हा ते देताच येत नाही.

उठावाचे एक कारण मात्र टाळता येण्याजोगे आहे. खाज थांबावी म्हणून कुणाच्या तरी सांगण्यावरून मेडिकलमधून आणलेल्या स्टेरॉइडच्या गोळ्या चट्टे झटपट घालवतात. त्या एकाएकी बंद केल्या की पुळ्या उसळू शकतात. गोळ्या सुरू असतील तर त्या डॉक्टरांच्या देखरेखीखाली हळूहळूच कमी कराव्या लागतात, आणि दवाखान्यात जाताना त्यांचे रिकामे पाकीट सोबत न्यावे.