अंबर एल : घरच्या पातेल्यातून आलेली बिअर

अमेरिकेतली दारूबंदी डिसेंबर १९३३मध्ये उठली, तरी घरी बिअर करणं बेकायदाच राहिलं. घरच्यापुरती वाइन करायला सूट मिळाली, बिअरचा मात्र उल्लेखच झाला नाही. ही चूक दुरुस्त व्हायला ४५ वर्षं लागली. १४ ऑक्टोबर १९७८ रोजी राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर यांनी ज्या विधेयकावर सही केली, त्यात सिनेटर ॲलन क्रॅन्स्टन यांची एक दुरुस्ती होती. एकट्या प्रौढाला वर्षाला १०० गॅलन आणि दोन किंवा अधिक प्रौढांच्या घराला २०० गॅलन बिअर करायला मुभा मिळाली. कर नाही, पण विक्रीही नाही.

त्या वेळी देशभर शंभराहूनही कमी बिअर कारखाने उरले होते आणि बहुतेकांचा माल एकाच वळणाचा होता : फिकट, सौम्य लागर. ती घरी करणं अवघड. लागर थंडाव्यात आंबते, मग कित्येक आठवडे थंडच ठेवावी लागते. शिवाय चव इतकी हलकी की लहानसा दोषही लपत नाही. एल या दुसऱ्या प्रकारच्या बिअरचं यीस्ट मात्र १८ ते २० अंशांत, म्हणजे घरातल्या गार कोपऱ्यातही, खुशाल काम करतं. हौशी मंडळी एलकडे वळली ती आवडीइतकीच सोयीनेही. तांबूस रंगाच्या अंबर एलचं रूपही या सोयीतच दडलेलं आहे.

रंग कुठून येतो

नाचणीसत्त्वासाठी नाचणीला मोड आणतात, तसे जवाला मोड आणून वाळवले की माल्ट होतं. एरवी ते भरडून साधारण ६७ अंशांच्या पाण्यात तासभर मुरवावं लागतं; तेव्हा कुठे त्यातल्या स्टार्चची साखर होते. क्रिस्टल माल्टची तऱ्हा वेगळी. मोड आलेले दाणे ओले असतानाच तापवतात, त्यामुळे साखर दाण्यातच तयार होते आणि पुढे भाजताना खरपूस होते. असं माल्ट नुसतं गरम पाण्यात भिजवलं तरी तांबूस रंग आणि कॅरॅमलची चव उतरते. बाकीचं गोड द्रव्य माल्ट एक्स्ट्रॅक्टच्या पाकातून मिळतं. मोठं पातेलं आणि कापडी पिशवी एवढ्या सामग्रीत नवशिक्याचं भागतं.

१९ लिटरचा घाणा घेऊ. अर्धा किलो भरडलेलं क्रिस्टल माल्ट पिशवीत बांधून अर्धा तास भिजवायचं. मग तीन किलो एक्स्ट्रॅक्ट ढवळून उकळी आणायची आणि कॅस्केड जातीचे ४० ग्रॅम हॉप्स, म्हणजे बिअरला कडूपणा आणि वास देणारी फुलं, टाकायचे. तासभराच्या उकळीत हॉप्समधल्या आम्लांची रचना बदलते, ती पाण्यात विरघळतात आणि कडूपणा येतो. पण त्याच वाफेबरोबर सुगंध उडून जातो. म्हणून शेवटच्या दहा मिनिटांत ३० ग्रॅम आणि गॅस बंद करताना आणखी ३० ग्रॅम. झटपट गार करून यीस्ट घालायचं. आंबणं ओसरलं की वासासाठी पुन्हा मूठभर कोरडे हॉप्स. बाटल्या भरताना थोडी साखर घातली की बंद बाटलीत फेस धरतो.

कडू आणि गोड

कॅस्केड ही ओरेगनमध्ये पैदास झालेली, १९७२ साली प्रसारित केलेली जात. वास ग्रेपफ्रूटच्या सालीचा आणि फुलांचा. सॅन फ्रान्सिस्कोच्या अँकर ब्रुअरीने १९७५मध्ये लिबर्टी एलमध्ये ती सढळ हाताने वापरली. फिकट एलमध्ये हॉप्सचा कडूपणा उघडा पडतो, अंबरमध्ये कॅरॅमल त्याला सांभाळून घेतं. मात्र क्रिस्टल माल्टमधली बरीच साखर यीस्टला पचत नाही. ते जास्त झालं की बिअर चिकट लागते, वर कितीही हॉप्स ओता. अंबर एलची कसोटी याच प्रमाणात लागते.

हे सगळं आपल्याकडे सहज करता येत नाही : महाराष्ट्रात परवान्याशिवाय घरी बिअर करणं १९४९च्या दारूबंदी कायद्याने गुन्हा आहे. ताजी एल प्यायची तर मायक्रोब्रुअरी गाठावी लागते. तिथे मालक परवाना घेऊन सुरुवात करतो. अमेरिकेत क्रम उलटा होता. केन ग्रॉसमन आधी हौशी ब्रुअर, मग चिको गावात घरी बिअर करण्याच्या सामानाचे दुकानदार आणि १९८०पासून सिएरा नेवाडाचे उत्पादक. कोलोरॅडोच्या न्यू बेल्जियमची 'फॅट टायर' ही अंबरही जेफ लेबेश या हौशी ब्रुअरच्या घरातूनच १९९१मध्ये बाजारात आली. आज त्या देशात नऊ हजारांहून अधिक ब्रुअऱ्या आहेत. ज्या कलमाने घरची बिअर विकायला मनाई केली, त्यानेच नव्या धंद्याला शिकाऊ उमेदवार पुरवले. नापास घाण्याचं नुकसान तिथे फक्त एका पातेल्यापुरतं होतं.