शिवारात लेझर मीटर नेताना

मूळ माप : 33 × 33 फूट म्हणजे 1 गुंठा; 40 गुंठ्यांचा 1 एकर. 33 फूट म्हणजे 10.06 मीटर.

पल्ला : खोक्यावरचे 50 किंवा 100 मीटर अनुकूल उजेडातले. परळी तालुक्यातल्या सिरसाळ्याच्या भर उन्हात लाल ठिपका थोड्याच अंतरावर दिसेनासा होतो. बांधावर पांढरी पाटी उभी करावी लागते. कॅमेरा असलेल्या यंत्रात ठिपक्याची जागा पडद्यावर धरता येते.

उतार : तिरके अंतर आडव्यापेक्षा जास्त भरते, क्षेत्रफळ मात्र आडव्या अंतरावरच निघते. म्हणून कोन मोजणारे यंत्र घ्यावे.

अचूकता : बहुतेक यंत्रांची ±1.5 ते 3 मिलिमीटर.

सुरक्षा : वर्ग 2, 1 मिलिवॉटपर्यंत. किरणाकडे रोखून पाहू नये.

हद्द : अधिकृत हद्दमोजणी भूमी अभिलेख विभागाचीच.