सहकारी गृहसंस्था आणि सभासदाचे हक्क

पुण्याच्या पेठांतील वाड्यांत बिऱ्हाड करून राहणाऱ्या गृहस्थास घरमालक एकच असे. भाडें, नळाचें पाणी, जिन्यावरचा दिवा, गळकें छप्पर, जें कांहीं असेल तें त्याच्याशीं बोलावें आणि न जमल्यास त्याच्याशींच भांडावें. पुढें वाडे पडले, त्यांच्या जागीं चार-पांच मजली इमारती उठल्या आणि कालचा भाडेकरू आज स्वतःच मालक झाला. दारावर त्याच्या नांवाची पाटी लागली. पण थोड्याच दिवसांत त्याच्या ध्यानांत आलें कीं, त्या दाराच्या बाहेर पाऊल टाकतांच एका समितीचें राज्य सुरू होतें. आणि त्या समितीचे चेअरमन व चिटणीस हे शेजारच्याच घरांत राहत असल्यामुळें त्यांच्याशीं भांडणें हें जुन्या घरमालकाशीं भांडण्यापेक्षां कितीतरी अवघड आहे.

ही व्यवस्था कांहीं आजची नव्हे. १९०४ च्या कायद्यानें आपल्या देशांत सहकारी पतपेढ्यांना मान्यता मिळाली. १९१२ च्या कायद्यानें पतपेढीखेरीज इतर कामांसाठींहि सहकारी संस्था काढण्याची वाट मोकळी झाली. त्या वाटेनें रावबहादुर श्रीपाद सुब्राव तालमकी यांनीं मुंबईस गांवदेवी भागांत १९१५ सालीं सारस्वत सहकारी गृहसंस्था उभी केली. मध्यमवर्गीयानें एकट्यानें जमीन घेऊन घर बांधणें शक्य नव्हतें, तें दहा जणांनीं मिळून करावें, इतका साधा तो विचार होता. मुंबई इलाख्याचा स्वतंत्र सहकारी कायदा १९२५ सालीं झाला व त्याची जागा महाराष्ट्राच्या १९६० च्या कायद्यानें घेतली. पुण्यांत १२ जुलै १९६१ रोजीं पानशेतचें धरण फुटून नदीकाठच्या पेठा वाहून गेल्या, तेव्हां उघड्यावर पडलेल्या कुटुंबांच्या पुनर्वसनांतहि सहकारी गृहसंस्थांनीं मोठा भार उचलला. एका वसाहतीचें नांव सहकारनगर आहे, तें उगीच नव्हे. ज्या संस्था निराधारांना आधार देण्यासाठीं निघाल्या, त्यांच्यापासूनच सभासदाचें रक्षण कसें करावें, हा प्रश्न आज पडावा, यांत विसंगति आहे खरी. परंतु सत्ता लहान असली म्हणून ती सत्ता नसते असें नाहीं.

सभासदाच्या हातीं नक्की काय असतें, हें प्रथम समजून घेतलें पाहिजे. सहकारी संस्थेच्या इमारतींत जमीन व इमारत यांची मालकी सामान्यतः संस्थेच्या नांवें असते. सभासदाजवळ भागदाखला असतो, आणि त्या भागांबरोबर विशिष्ट गाळ्यांत राहण्याचा, तो विकण्याचा व वारसांना देण्याचा हक्क असतो. जेथें जमिनीचे तुकडे पाडून सभासदांनीं आपापले बंगले बांधले, तेथील संस्थेचें स्वरूप निराळें. आणि पुण्यांत पुष्कळ इमारती सहकारी संस्थाच नाहींत. त्या १९७० च्या अपार्टमेंट कायद्याखालीं येतात. तेथें गाळा पूर्णपणें स्वतःच्या मालकीचा असून जमिनीत अविभक्त हिस्सा असतो. तक्रार करण्यापूर्वीं आपली इमारत यांपैकीं कोणत्या प्रकारची आहे, हें कागद काढून पाहावें. निम्मीं भांडणें चुकीच्या दारीं जाऊन फुकट जातात.

सहकारी संस्थेंत शिरलेल्या मनुष्याविषयीं कायद्याची दृष्टि कठोर आहे. दमनसिंग विरुद्ध पंजाब राज्य या खटल्यांत १९८५ सालीं सर्वोच्च न्यायालयानें असें म्हटलें कीं, संस्थेचा सभासद होतांच संस्थेच्या व्यवहारापुरतें मनुष्याचें स्वतंत्र व्यक्तित्व उरत नाहीं; कायदा व पोटनियम देतील तेवढेच हक्क त्याला. ही दृष्टि किती दूरवर नेतां येते, तें २००५ सालीं दिसलें. अहमदाबादच्या एका पारशी गृहसंस्थेच्या पोटनियमांत पारशांखेरीज कोणास सभासद करूं नये असें होतें, आणि सर्वोच्च न्यायालयानें तो पोटनियम उचलून धरला. अमेरिकेंतहि घरमालकांचे संघ आहेत. तेथें सत्तेचें मूळ जमिनीला चिकटलेल्या अटींत असतें. त्या अटी खरेदीदारामागून खरेदीदाराच्या गळ्यांत पडत जातात, आणि अनेक राज्यांत वर्गणी थकल्यास घराचा लिलावहि होऊं शकतो. परंतु त्याच देशाच्या सर्वोच्च न्यायालयानें १९४८ सालींच ठरविलें कीं, काळ्या माणसास घर विकूं नये अशी अट न्यायालयें अंमलांत आणणार नाहींत. या एका बाबतींत आपला निर्णय मागें राहिला असें म्हणणाऱ्यास दोष देतां येणार नाहीं.

मात्र याच कठोर तत्त्वाची दुसरी बाजू सभासदाच्या उपयोगाची आहे. सभासद जसा पोटनियमांनीं बांधलेला, तशीच समितीहि. पोटनियम निबंधकाकडे नोंदविलेले असतात. जें कायद्यांत नाहीं, पोटनियमांत नाहीं आणि साधारण सभेच्या ठरावांत नाहीं, तें समितीच्या पांच-सात जणांनीं रात्रीं बसून ठरविलें म्हणून नियम होत नाहीं. जिन्याखालच्या फळ्यावर टांचलेला प्रत्येक कागद नियम समजण्याची पुणेकराची संवय मोडली पाहिजे; पाट्यांच्या गांवांत ती जडली, यांत नवल नाहीं.

पैशाचें उदाहरण घ्यावें. गाळा विकतांना हस्तांतरण शुल्क म्हणून संस्था वाटेल ती रक्कम मागत. शासनानें ९ ऑगस्ट २००१ च्या परिपत्रकानें महानगरपालिकांच्या हद्दींत त्यावर २५,००० रुपयांची मर्यादा घातली. आणि आदर्श पोटनियमांनीं देणगी किंवा अन्य कोणत्याहि नांवाखालीं जास्त रक्कम घेण्यास मनाई केली. गाळा भाड्यानें दिल्यास घ्यावयाचें बिनभोगवटा शुल्क त्याच महिन्याच्या दुसऱ्या परिपत्रकानें सेवाशुल्काच्या दहा टक्क्यांवर आणलें. कांहीं संस्था याविरुद्ध उच्च न्यायालयांत गेल्या, पण २००७ सालीं मुंबई उच्च न्यायालयानें शासनाचीच बाजू घेतली. मासिक खर्चाची वांटणीहि मनास येईल तशी करावयाची नसते. पहारेकरी, झाडलोट, कार्यालय यांचा खर्च प्रत्येक गाळ्यामागें सारखा. पाण्याचा आकार नळांच्या संख्येवर व आकारावर. दुरुस्तीचा निधि बांधकामाच्या खर्चाच्या प्रमाणांत. पाळण्याचा खर्च मात्र तळमजल्यावरच्या गृहस्थासहि सारखाच द्यावा लागतो, आणि त्यावरून होणारें भांडण कोणत्याहि निर्णयानें मिटेल असें वाटत नाहीं.

गाडी ठेवण्याच्या जागेचें प्रकरण असेंच. इमारतीच्या खांबांमधील मोकळी जागा बांधकाम करणाऱ्यानें निराळे पैसे घेऊन विकण्याची रीत पडली होती. २०१० सालीं सर्वोच्च न्यायालयानें नहालचंद लालूचंद विरुद्ध पांचाली सहकारी गृहसंस्था या खटल्यांत ती जागा स्वतंत्रपणें विकतां येत नाहीं, ती सामाईक आहे, असा निर्णय दिला. म्हणून ती वांटून देण्याचें काम संस्थेकडे येतें, आणि तें चेअरमनच्या मर्जीनें नव्हे, नियमानें व्हावयास हवें.

सर्वांत अधिक छळ होतो तो एकट्या-दुकट्याचा. पति वारल्यावर भागदाखला आपल्या नांवें करून मागणाऱ्या बाईस वर्षानुवर्षें खेटे घालावे लागतात. मृत सभासदानें नामनिर्देशन केलें असेल, तर संस्थेनें त्याप्रमाणें नोंद केलीच पाहिजे, असें सर्वोच्च न्यायालयानें इंद्राणी वाही यांच्या खटल्यांत २०१६ सालीं सांगितलें. त्या नोंदीनें वारसांमधला मालकीचा वाद सुटत नाहीं. तो वाद दिवाणी न्यायालयाचा, समितीचा नव्हे, आणि त्याचें निमित्त करून नोंद अडवितां येत नाहीं. अविवाहित तरुणांस जागा भाड्यानें देऊं नका, कुत्रें पाळूं नका, असे हुकूमहि सुटतात. पाळीव जनावरांवर सरसकट बंदी घालतां येत नाहीं, असें भारतीय जीवजंतु कल्याण मंडळानें २०१५ सालीं संस्थांना कळविलेलें आहे. आणि वर्गणी थकली म्हणून कोणाच्या घराचें पाणी तोडण्याचा अधिकार सहकारी कायद्यानें कोणत्याहि समितीस दिलेला नाहीं.

येथें एक इशारा आवश्यक आहे. समितीवर राग धरून मासिक वर्गणी बंद करणें हा उपाय नव्हे, अपाय आहे. थकबाकीदारास समितीवर निवडून येतां येत नाहीं, आणि संस्थेनें निबंधकाकडून वसुलीचा दाखला मिळविला कीं, ती रक्कम जमीनमहसुलाच्या थकबाकीप्रमाणें वसूल होते. पैसे भरावे, पावतीवर हरकत राखून ठेवल्याचें लिहावें, आणि मग हिशेब मागावा. पोटनियम, लेखापरीक्षित हिशेब, सभांचीं इतिवृत्तें पाहण्याचा व शुल्क भरून त्यांच्या नकला घेण्याचा हक्क सभासदास आहे. १९६० च्या कायद्यांत गृहसंस्थांसाठीं स्वतंत्र प्रकरण २०१९ सालीं घातलें गेलें, त्यांतहि हा हक्क आहे. चिटणीसांनीं दप्तर न दाखविल्यास उपनिबंधकाकडे लेखी अर्ज करावा; कारभारांतील गैरप्रकारांची चौकशी करण्याचे अधिकार निबंधकास आहेत. सभासद आणि संस्था यांच्यांतील वाद कलम ९१ प्रमाणें सहकार न्यायालयांत चालतो. सबंध महाराष्ट्राच्या सहकार आयुक्तांची कचेरी पुण्यांतच आहे. पण तेथें थेट जाऊन गाऱ्हाणें घालण्याची घाई करूं नये, पायऱ्या क्रमानें चढाव्या. सभासदास संस्थेंतून काढून टाकणें तर फारच कठीण. त्याला नोटीस द्यावी लागते, सभेंत त्याचें म्हणणें ऐकावें लागतें, मतदान करणाऱ्यांचें तीन चतुर्थांश बहुमत लागतें, आणि एवढें होऊनहि निबंधकाची मान्यता लागते.

आतां पुण्यांत ठिकठिकाणीं जुन्या इमारती पाडून नव्या बांधण्याचें पर्व चाललें आहे, आणि बहुमताचा खरा भार सभासदावर पडतो तो येथें. ४ जुलै २०१९ च्या शासननिर्णयानुसार त्यासाठींच्या खास सभेस दोन तृतीयांश सभासद हजर असावे लागतात आणि एकूण सभासदांच्या किमान ५१ टक्क्यांची संमति लागते. शंभरांत एक्कावन्न जणांनीं होय म्हटलें कीं, उरलेल्या एकोणपन्नासांचीं घरेंहि खालीं येतात. केवळ आपणांस नको म्हणून एकट्या सभासदास काम अडवून धरतां येत नाहीं, असें मुंबई उच्च न्यायालयानें २००९ पासून सांगितलें आहे. त्याच्या हातीं उरतें तें हें: सभा नियमाप्रमाणें बोलाविली होती काय, निविदा उघडपणें मागविल्या होत्या काय, बांधकाम करणाऱ्याची बँक हमी आहे काय, आणि मिळावयाच्या जागेचें क्षेत्रफळ नोंदलेल्या करारांत स्पष्ट लिहिलें आहे काय, हें विचारणें. या सभेचें चित्रण करणें बंधनकारक आहे व निबंधकाचा प्रतिनिधि तेथें हजर असावा लागतो. ज्याला विरोध करावयाचा आहे त्यानें तो जिन्यांत न करतां त्या सभेंत उभें राहून करावा, आणि इतिवृत्तांत लिहिला गेला कीं नाहीं तें पुढच्या आठवड्यांत दप्तर मागून स्वतःच्या डोळ्यांनीं पाहावें.